परदेशात पासपोर्ट संपला, हरवला, बदलला : तुमचे अनुभव सांगा

भाची म्युनिकला शिकते. तिच्या पासपोर्टाची मुदत येत्या उन्हाळ्यात संपतेय आणि घरात प्रत्येकजण तिला वेगळं सांगतोय. कोणी म्हणतं शिक्का मारून मुदत वाढवून देतात, कोणी म्हणतं त्यासाठी भारतातच यावं लागतं. दोन्ही खरं नाही. तिथल्या आपल्या वकिलातीकडे अर्ज केला की नवं पुस्तक मिळतं, नव्या नंबराचं. जुनं रद्द करून परत देतात, आणि त्यातला व्हिसा चालू असेल तर सहसा दोन्ही पुस्तकं जवळ ठेवून प्रवास करता येतो.

माझं मत असं, की पुस्तक कधी मिळेल याची काळजी आपण फार करतो आणि त्या पुस्तकाला जे जे बांधलेलं असतं त्याची फार कमी. खरं अडतं ते तिथे. आमचंच सांगते.

आम्ही न्यू जर्सीत. नवऱ्याचं एच-१बी (अमेरिकेतल्या नोकरीची परवानगी) मंजूर झालेलं, व्हिसाही तेवढ्याच मुदतीचा. पण भारतातून परतताना विमानतळावरच्या अधिकाऱ्याने आय-९४, म्हणजे प्रवेशाचा दाखला, पासपोर्टाच्या शेवटच्या तारखेपर्यंतच दिला. अमेरिकेत कधीपर्यंत राहायचं ते व्हिसावर नाही, आय-९४ वर ठरतं. तो आता हातात कागद म्हणून मिळत नाही, सीबीपी या तिथल्या सीमा-तपासणी खात्याच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यायचा असतो. आम्ही प्रत्येक प्रवासानंतर तो छापून फाइलला लावतो, म्हणून तारीख लगेच नजरेत आली. नवा पासपोर्ट आला तरी आय-९४ आपोआप वाढत नाही. कंपनीच्या वकिलांनी दोन वाटा सांगितल्या : मुदतवाढीचा अर्ज करा, नाहीतर त्या तारखेच्या आत देशाबाहेर जाऊन नव्या पासपोर्टावर परत या. दिवाळीला घरी जायचंच होतं. परतताना खिडकीत दोन्ही पासपोर्ट ठेवले, नव्याची मुदत बोट ठेवून दाखवली, आणि पूर्ण काळाचा आय-९४ मिळाला.

आता तुम्ही लिहा. कुठल्या देशात, काय अडलं, कसं सुटलं.

फ्रँकफर्टजवळून

म्युनिकला आपलं कॉन्सुलेट आहेच, त्यामुळे पासपोर्टाची चिंता नको. पण जर्मनीत राहण्याच्या परवान्याचं कार्ड सहसा पासपोर्टाच्या मुदतीपलीकडचं देत नाहीत. म्हणजे दोन्ही एकदमच संपायला येतात. आउसलेंडरबेहोर्डेकडे, म्हणजे परदेशी लोकांच्या परवान्यांच्या कार्यालयाकडे, परवान्याचा अर्ज मात्र जुना संपायच्या आत गेलाच पाहिजे, मग निर्णय होईपर्यंत तात्पुरता दाखला मिळू शकतो. आणि भारतातला जो पत्ता ती देईल तिथे पोलीस चौकशीला येऊ शकतात. घरच्यांना आधीच सांगून ठेवा. माझ्या वेळी साताऱ्याला आई एकटीच होती आणि दारात हवालदार बघून बिचारी घाबरून गेली.

लंडनहून

आमच्याकडे आता बीआरपी कार्डं (राहण्याच्या परवान्याची) गेली, ई-व्हिसा आला. नवा पासपोर्ट हातात पडला की त्याच दिवशी यूकेव्हीआय या इथल्या व्हिसा विभागाच्या साइटवर आपल्या खात्यात जाऊन तो जोडा. विमान कंपनी चेक-इनला पासपोर्टावरून तपासते. तिथे जुनाच नंबर असेल तर काउंटरवर खोळंबा ठरलेला.

पुण्याहून, इटलीच्या सहलीबद्दल

रोममध्ये आईची पर्स गेली, पासपोर्ट त्यातच. तिचं सत्तरीचं वय, भाषा येत नाही, रडून रडून तिचा आवाज बसला होता. आधी काराबिन्येरींच्या, म्हणजे तिथल्या पोलिसांच्या, ठाण्यात गेलो. तिथे तक्रार लिहून मिळते, तिला देनुन्चिया म्हणतात, आणि पुढचं सगळं त्या एका कागदावर चालतं. ती घेऊन, मोबाइलमधली पासपोर्टाची प्रत आणि फोटो घेऊन वकिलातीत गेलो.

परतीला थोडेच दिवस उरले होते, म्हणून नव्या पासपोर्टाऐवजी इमर्जन्सी सर्टिफिकेट घेतलं. ते फक्त भारतात परतण्यासाठी, एकाच वेळचं. आमचं तिकीट दोन वेगळ्या कंपन्यांचं, मध्ये एका देशात सामान घेऊन पुन्हा चेक-इन करायचं होतं. त्या कागदावर तसं करू देतील याची खात्री नव्हती. वकिलातीतल्या बाईंनी आईला आधी पाणी दिलं, खुर्ची दिली, आणि मग थेट दिल्लीचं विमान बघायला सांगितलं. जास्तीचे पैसे गेले, पण आईला सुखरूप घरी आणलं. त्या बाईंची मी आजही आठवण काढतो.

निघायच्या आदल्या संध्याकाळी पर्स सापडल्याचा निरोप आला, पासपोर्टासकट. तो वापरायचा नाही! एकदा हरवल्याची नोंद झाली की तो रद्दच. पुण्यात नवा काढताना तक्रारीची प्रत आणि परिशिष्ट एफ (पासपोर्ट हरवल्याचं प्रतिज्ञापत्र) लागलं.

दुबईहून

लग्नानंतर नाव बदलायचं का, हा प्रश्न माझ्यापुढे पासपोर्ट काढतानाच आला. आपल्याकडे सासरी मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतं. माझ्या पासपोर्टात माझं आणि बाबांचं नाव एकाच रकान्यात आहे, म्हणजे बदललं असतं तर जवळजवळ सगळंच बदललं असतं. पदवीचं प्रमाणपत्र, त्याचं अटेस्टेशन, नोकरीचा करार, एमिरेट्स आयडी, बँक, सगळं माहेरच्या नावावर. मी नाव तेच ठेवलं आणि शेवटच्या पानावर पती म्हणून ह्यांचं नाव घालून घेतलं. कुठेही काही अडलं नाही. सासूबाई सुरुवातीला नाराज होत्या, पण कागद समोर मांडून समजावल्यावर त्यांनीच मला पाठिंबा दिला. मुलींनो, पासपोर्ट संपायच्या वेळीच हा निर्णय घ्या, मधेच नको.

वास्कोहून

मी बोटीवर असतो. तिथे पासपोर्ट आणि सीडीसी (खलाशाचं नोंद-पुस्तक) कॅप्टनच्या ताब्यात. भर समुद्रात मुदत संपली तर वकिलात कुठून आणणार? म्हणून सुट्टीवर घरी असतानाच काढतो. मुदत संपायच्या आधी वर्षभर अर्ज घेतात. साठ पानांचाच मागा. व्हिसे आणि शिक्के यांनी छत्तीस पानं कधी भरतात कळत नाही, आणि पानं संपली तरी नवा काढावाच लागतो.

मेलबर्नहून

लेक इथेच जन्मली. आधी भारतीय वकिलातीत जन्माची नोंद, ती वर्षाच्या आत करायची, मग पासपोर्ट. लहान मुलांचा पाचच वर्षांचा असतो. परिशिष्ट डी वर, म्हणजे पालकांच्या संमतीच्या कागदावर, आईबाप दोघांच्या सह्या लागतात. हे तेव्हा कामासाठी नाशिकला होते, त्यामुळे सही केलेला कागद कुरिअरने येईपर्यंत थांबलो.

खरी परीक्षा फोटोची. डोळे उघडे, तोंड मिटलेलं, मागे पांढरं, आणि धरणाऱ्याचा हात दिसता कामा नये. पांढऱ्या चादरीवर निजवून, खिडकीपाशी, दूध पिऊन झाल्यावर काढा, तेव्हा बाळं शांत असतात. सहीच्या जागी अंगठा : मुलगा असेल तर डावा, मुलगी असेल तर उजवा. शाई अगदी थोडी लावा आणि बाळाची मूठ मनगटाकडून हळूच उलगडा. ठसा चौकटीबाहेर गेला तर फॉर्म पुन्हा छापावा लागतो, तेव्हा दोनतीन प्रती जवळ ठेवा.