मेडिकलचं बिलिंग संध्याकाळी अडकतं, नवा सर्व्हर घ्यावा का?

कराडचा_मेडिकलवाला:
आमचं दोन काउंटरचं मेडिकल आहे, मुख्य कॉम्प्युटर मागच्या खोलीत. सॉफ्टवेअर आठ वर्षं तेच. हल्ली संध्याकाळच्या गर्दीत औषधाचं नाव टाकलं की यादी यायला दहा-बारा सेकंद लागतात. त्यात भावाने स्टॉक रिपोर्ट लावला तर माझं बिल सेव्हच होत नाही. सॉफ्टवेअरवाला म्हणतो ३२ जीबी रॅमचा सर्व्हर घ्या. सध्या डेटाबेस, म्हणजे सगळा डेटा साठवणारं सॉफ्टवेअर, एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस २०१९ आहे. घेऊ का?

सांगलीकर_डेटावाला:
दादा, पैसे खिशातच ठेवा. एक्स्प्रेस ही फुकटातली आवृत्ती. डेटा रॅममध्ये धरायला ती साधारण १.४ जीबीच वापरते, पुढची रॅम तिच्या काही कामाची नाही. हार्डडिस्क जुनी, फिरती असेल तर एसएसडी मात्र जरूर टाका.

आता यादीचं. नुसत्या औषधांच्या नावांना इतका वेळ लागत नाही. बहुतेक सॉफ्टवेअर त्याच यादीत बॅचवार शिल्लक दाखवतात आणि ती काढायला दर वेळी सगळ्या खरेदी-विक्रीची बेरीज मारतात. औषध आणि बॅच या दोन रकान्यांवर इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखा, ओळ पटकन सापडवणारा) नसेल तर तुम्ही 'पॅन' लिहिताच आठ वर्षांच्या ओळी चाळल्या जातात. सॉफ्टवेअरवाल्याला एवढंच विचारा: विक्रीच्या टेबलवर हा इंडेक्स आहे का? शोध 'नावात कुठेही' असा लावला असेल तर 'सुरुवातीपासून' करा. 'कुठेही'ला नावाचा इंडेक्स असून नसल्यासारखा.

भावाच्या रिपोर्टचं दुखणं वेगळं. रिपोर्ट वाचत असतो तोवर त्या ओळी लॉक राहतात, म्हणजे दुसऱ्याला बदलता येत नाहीत, तुमचं बिल रांगेत. डेटाबेसची 'रीड कमिटेड स्नॅपशॉट' ही सेटिंग चालू केली की वाचणारा लिहिणाऱ्याला अडवत नाही.

पुणे_३०:
डेटाबेसची फाईल केवढी झालीय तेही बघा. २०१९ एक्स्प्रेसला एका डेटाबेसमागे १० जीबीची मर्यादा आहे. भरली की नवीन बिलच घेणार नाही.

कराडचा_मेडिकलवाला:
बाप रे, ९.४ जीबी दाखवतंय! शेड्यूल एच-१ (विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते ती औषधं) साठी चिठ्ठ्यांचे फोटो काढून ठेवतो, ते त्यातच जातात वाटतं. आणि सॉफ्टवेअरवाला म्हणतो इंडेक्सचं काम एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) बसत नाही.

सांगलीकर_डेटावाला:
एएमसीत बसत नाही आणि सर्व्हरच्या कोटेशनमध्ये बसतं? इंडेक्स टाकणं तासाभराचं काम आहे, वेगळे पैसे घे म्हणावं, तरी स्वस्त पडेल.

फोटो बाहेर फोल्डरमध्ये काढायला लावा, डेटाबेसमध्ये फक्त फाईलचा पत्ता राहू दे. फाईल लगेच लहान दिसणार नाही, पण आत जागा मोकळी होते. एच-१ च्या नोंदींना मात्र हात लावू नका, तीन वर्षं ठेवाव्याच लागतात. आणि हे सगळं करण्याआधी बॅकअप. एक्स्प्रेसमध्ये ठरल्या वेळी आपोआप बॅकअप घेणारा एजंट नसतो. विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये रोज रात्रीचं काम लावा, आणि एक प्रत दुकानाबाहेर, घरी.