ड्राय क्लचचे डीसीटी पुण्याच्या ट्रॅफिकसाठी नाहीतच – ज्याला पटत नसेल त्याने भांडावं

सिंहगडरोडवाला

मेहुण्याला गाडी घ्यायचीय, बजेट वीस-बावीस लाख, रोजचं वारजे ते हिंजवडी फेज थ्री. शोरूममधून आला तो टर्बो पेट्रोल डीसीटीच्या, म्हणजे ड्युअल क्लच ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या, प्रेमातच पडून आला आणि मी नको म्हटल्यापासून घरात वातावरण तापलंय, म्हणून म्हटलं इथे मांडतो, तुम्हीच सांगा.

माझं मत असं. आत दोन क्लच असतात, एकावर १-३-५-७, दुसऱ्यावर २-४-६. तुम्ही तिसऱ्यात चालवताय तेव्हा चौथा आधीच लागून बसलेला असतो, फक्त एक क्लच सोडायचा नि दुसरा धरायचा, म्हणून शिफ्ट कळतसुद्धा नाही. द्रुतगती महामार्गावर भारीच आहे ते, नाकारत नाही. पण भूमकर चौकात काय होतं? टॉर्क कन्व्हर्टरवाल्या (इंजिनाचा जोर तेलातून पुढे देणारा जुना ऑटोमॅटिक) गाडीत मुंगीच्या पावलाने पुढे सरकताना जी घसरण लागते ती तेलात होते. ड्राय क्लचमध्ये तीच घसरण कोरडी प्लेट घासून होते, मॅन्युअलमध्ये अर्धा क्लच दाबून चालवतात ना अगदी तसं, फक्त इथे ते कॉम्प्युटर करतो आणि तास तासभर करतो. उष्णता काढायला तेल नाही. मग पहिल्या-दुसऱ्याला गाडी थरथरते, मग डॅशबोर्डवर गिअरबॉक्स तापल्याची वॉर्निंग, मग सर्व्हिस सेंटर.

आणि माझा खरा राग पुढेच आहे. माझ्या आधीच्या गाडीचा (कंपनीचं नाव घेत नाही, उगाच भक्त येतील) क्लच पॅक, म्हणजे दोन्ही क्लचचा संच, गेला तेव्हा ॲडव्हायझर अगदी शांतपणे म्हणाला, सर क्लच वेअर अँड टेअरमध्ये येतो, वॉरंटीत नाही, तुमची ड्रायव्हिंग स्टाईल तशी असेल. अहो, गाडीत क्लचचा पेडलच नाहीये! कधी धरायचा कधी सोडायचा ते तुमचं सॉफ्टवेअर ठरवतं, आणि झिजला की स्टाईल माझी?

टर्बोप्रेमी

घ्या, आला परत डीसीटीच्या नावाने शिमगा. माझ्याकडे ड्राय क्लचवालीच आहे, दर महिन्याला कोल्हापूर, खंबाटकी काय नि कात्रज काय, एक आवाज नाही. रोजचं ऑफिस पण हिंजवडीच. फरक एवढाच की मी बंपरला बंपर लावून रांगत नाही. पुढे एका गाडीची जागा होऊ देतो मग ब्रेक सोडून व्यवस्थित एकदाच पुढे घेतो, चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरत नाही, ब्रेक धरतो, चढावर गाडी मागे न जाऊ देणारा हिल होल्ड असतो तो कशासाठी दिलाय. बहुतेक लोक मॅन्युअलमधून येतात आणि त्याच सवयीने चालवतात. नाचता येईना अंगण वाकडं.

आणि इंटरनेटवर कोण लिहितो? ज्याचा बिघडला तो. ज्याचा चालतोय तो गाडी चालवतोय.

मॅन्युअल_काका

आमची पंधरा वर्षं जुनी डिझेल, एकदा क्लच बदलला, तोही नाना पेठेतून पार्ट आणून. तुमचं चालू द्या.

सिंहगडरोडवाला

@टर्बोप्रेमी एका गाडीची जागा ठेवतो म्हणे. लक्ष्मी चौकात एका गाडीची जागा ठेवलीत तर त्यात दोन रिक्षा, एक टँकर आणि राँग साईडने आलेला बुलेटवाला घुसतो, हे तुम्हालाही माहितीय. जो गिअरबॉक्स टिकवायला शहराची सवय बदलावी लागते तो या शहरात विकू नये किंवा विकताना तसं सांगावं, ब्रोशरमध्ये तर ‘शहरातल्या ट्रॅफिकमध्ये आरामदायी’ असंच छापलेलं असतं.

आणि स्टाईलचं म्हणाल तर ऑस्ट्रेलियाचं उदाहरण वाचा. फोर्डचा पॉवरशिफ्ट, सहा स्पीड ड्राय क्लच, फिएस्टा, फोकस, इकोस्पोर्ट तिन्हीत. लोक थरथर घेऊन गेले की कित्येकांना हेच उत्तर, तुमची चालवायची पद्धत चुकतेय, आणि कंपनीला आतून प्रॉब्लेम माहीत होता. तिथल्या ग्राहक आयोगाने कोर्टात नेलं आणि २०१८ मध्ये फेडरल कोर्टाने १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड लावला. अमेरिकेत फिएस्टा-फोकसवाल्यांनी सामूहिक दावा लावला, त्यात कंपनीला तडजोड करावी लागली. तोच इकोस्पोर्ट पॉवरशिफ्टमध्ये आपल्याकडेही विकला गेला, २०१३ पासून. पुढे २०१७ च्या नव्या मॉडेलमध्ये फोर्डने गुपचूप टॉर्क कन्व्हर्टर टाकला. नाचता येत नव्हतं म्हणून का?

चाकण_टेस्टबेड

मी याच क्षेत्रात आहे, कुठे ते विचारू नका. दोन आजार एकत्र करून भांडताय म्हणून लिहितो, थोडं लांबेल.

एक आजार क्लच झिजण्याचा, थरथरीचा. दुसरा मेकाट्रॉनिकचा, म्हणजे गिअरबॉक्सच्या अंगावर बसवलेलं हायड्रॉलिक आणि इलेक्ट्रॉनिक मिळून एक युनिट, तेच क्लच आणि गिअर हलवतं. फोक्सवॅगन ग्रुपचा सात स्पीड डीक्यू२०० जो बदनाम झाला तो मुख्यतः या दुसऱ्यामुळे. २००८ ला आलेला ड्राय क्लच बॉक्स, २५० न्यूटन मीटरपर्यंतच्या इंजिनांसाठी. २०१३ च्या मार्चमध्ये चीनच्या सरकारी टीव्हीने ग्राहक दिनाच्या कार्यक्रमात झोडपलं आणि तिथे सुमारे ३ लाख ८४ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्याच नोव्हेंबरमध्ये जगभरातल्या १६ लाख गाड्यांचं गिअर ऑइल बदलायला काढलं. कारण मजेशीर आहे. क्लच कोरडा असला तरी गिअरना आणि मेकाट्रॉनिकला तेल असतंच, ते सिंथेटिक होतं आणि गरम दमट हवा अधिक थांबत-चालत ट्रॅफिक या जोडीत त्यामुळे वीजपुरवठ्यात बिघाड होत होता, म्हणून साधं मिनरल ऑइल भरलं. म्हणजे जर्मनीत टेस्टिंगला जे दिसलं नाही ते आशियातल्या रस्त्यांनी दाखवलं. इथे सिंहगडरोडवाल्यांचा मुद्दा बरोबर आहे हे मान्य.

हे युनिट गेलं की बऱ्याचदा बॉक्स एकाच बाजूवर चालतो, विषम तरी नाहीतर सम तरी. डीक्यू२०० मध्ये रिव्हर्स सम बाजूला असतो, त्यामुळे ती बाजू गेली की गाडी पुढे जाते पण पार्किंगमधून मागे काढायला वॉचमनला हाक मारावी लागते.

पण ‘सगळे डीसीटी वाईट’ हे चुकीचं. वेट क्लचमध्ये प्लेट तेलात बुडालेल्या असतात, तेल उष्णता वाहून नेतं. २००३ मध्ये गोल्फ आर३२ मध्ये आलेला पहिलावहिला डीएसजी (फोक्सवॅगनचं डीसीटीला दिलेलं नाव) वेटच होता आणि दणकट निघाला, फक्त दर ६० हजार किलोमीटरला तेल बदलायला लागतं. मग छोट्या गाड्यांत ड्राय का आला? हलका, स्वस्त, तेलाचा पंप सतत फिरवायला लागत नाही म्हणून मायलेज बरं. मायलेजचा आकडा ब्रोशरवर मोठ्या अक्षरात जातो, क्लचचं आयुष्य जात नाही.

बावधनची_प्राजक्ता

मुद्दा कळला पण वेट क्लचवालीचा अनुभव पण ऐका. आमच्याकडे तसली आहे, आई चालवते, चांदणी चौकातून भूगावकडे रोज. सुट्टीच्या दिवशी मुळशीला जाणाऱ्यांमुळे तो रस्ता कसा होतो सगळ्यांना माहितीय, चढ आणि जॅम एकत्र. अजून तरी वॉर्निंग नाही. पण अगदी कमी स्पीडला, म्हणजे सोसायटीच्या गेटवर, ब्रेक सोडल्यावर एक क्षण काहीच होत नाही आणि मग एकदम पुढे जाते, तेवढं अंगवळणी पडायला वेळ लागला. आई म्हणते ही विचार करून चालते.

आणि कुणीतरी कृपा करून सांगा, सिग्नलला न्यूट्रल करायचं का नाही? सर्व्हिस सेंटरला दोघांनी दोन सांगितलं. बाबा दर सिग्नलला एन, डी, एन, डी करत बसतात, बघूनच दमायला होतं.

चाकण_टेस्टबेड

@प्राजक्ता गरज नाही. डीमध्ये ब्रेक नीट दाबून धरलात की क्लच स्वतःच सुटतो. घासतो तो तुम्ही ब्रेक अर्धवट सोडून इंच इंच सरकता तेव्हा. बाबांना आराम द्या.

नाना_पेठ_स्पेअर

आपलं इंजिनिअरिंग झालेलं नाही पण या गाड्या आमच्या वर्कशॉपला येतात म्हणून सांगतो. पहिल्यांदा कस्टमर थरथर घेऊन कंपनीत जातो तेव्हा ते स्कॅनर लावून क्लच रिलर्न करून देतात, म्हणजे क्लच कुठे धरतो ते बॉक्सला परत शिकवायचं. गाडी मस्त चालते, कस्टमर खूश. थोड्या दिवसांनी परत सुरू. परत रिलर्न. असं करत करत वॉरंटी संपते आणि मग एस्टिमेट येतं सहा आकडी, तेव्हा तो आमच्याकडे येतो. आमच्याकडे आलं की आम्ही तरी काय करणार, क्लच पॅक बसवायला स्पेशल टूल लागतं, शिम, म्हणजे पातळ चकती, मोजून लावावी लागते, एक बारीकशी चूक झाली तर नवा पॅक पण थरथरतो. हे हातोडी-पान्याचं काम नाही राहिलं. आणि कंपनी खोलतच नाही, डायरेक्ट आख्खी असेंब्ली बदला म्हणते.

@टर्बोप्रेमी तुमच्यासारखे जपून चालवणारे पण येतात हो. कमी येतात पण येतात.

टर्बोप्रेमी

वर्कशॉपवाल्याकडे आजारीच गाड्या येणार ना दादा. दवाखान्यात बसून सगळं पुणं आजारी आहे म्हणण्यासारखं झालं.

आणि पर्याय काय सांगताय ते तर बोला. एएमटी, म्हणजे मॅन्युअलच पण क्लच-गिअर मशीन बदलतं तो? पहिल्यातून दुसऱ्यात जाताना डोकं हलवतो तो? आगीतून फुफाट्यात. त्यातही तोच कोरडा क्लच आहे, तोही घाटात तापतो, पण तो स्वस्त म्हणून त्याला कुणी बोलत नाही. सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअरच नसलेला पट्ट्यावरचा? ओव्हरटेकला दाबला की इंजिन नुसतं कोकलतं नि गाडी आपली सावकाश. टॉर्क कन्व्हर्टर मान्य, पण प्रत्येक इंजिनाला मिळतो का? ज्याला दणदणीत टर्बो पेट्रोल पाहिजे त्याला बहुतेक ठिकाणी डीसीटीच घ्यावा लागतो, आणि एकदा ते चालवलं की बाकी सगळं अळणी लागतं, हे तुम्ही सगळे मनात मान्य करताय.

सिंहगडरोडवाला

टॉर्क कन्व्हर्टर मिळत नाही? स्कोडा-फोक्सवॅगनच्या कुशाक, टायगुन २०२१ ला आणि स्लाव्हिया, व्हर्टस २०२२ ला आल्या तेव्हा १.० लिटर टर्बोला सहा स्पीड टॉर्क कन्व्हर्टर दिला आणि १.५ ला सात स्पीड डीएसजी. एकाच गाडीत, एकाच शोरूममध्ये दोन्ही. २०२० च्या क्रेटामध्ये टर्बो पेट्रोलला डीसीटी, पण डिझेलला टॉर्क कन्व्हर्टर. मारुती आणि टोयोटा तर आपल्याकडे डीसीटीच्या वाटेलाच गेल्या नाहीत. हिंजवडीला जाणाऱ्याला १.५ चा जोर लागतो कुठे, वाकड ब्रिजखाली? पण सेल्समन १.५ चीच टेस्ट ड्राइव्ह देतो आणि देतो कुठे तर बाणेरच्या मोकळ्या डीपी रोडवर, सकाळी अकराला. टेस्ट ड्राइव्ह घ्यायची तर संध्याकाळी साडेसहाला आणि गाडी पूर्ण गरम झाल्यावर. मेहुण्याने तशी मागितली तर म्हणाला सर त्या वेळेला इन्शुरन्सचा इश्यू असतो. काय बोलणार!

टाटाच्या अल्ट्रॉझला २०२२ मध्ये डीसीए (टाटाचं डीसीटीला नाव) आला तो वेट क्लच घेऊन आला आणि जाहिरातीत तेच ठळक सांगितलं. म्हणजे आपल्या ट्रॅफिकला काय लागतं ते इथल्या कंपनीला कळतं. मग बाकीचे ड्रायच का देत बसले, पैसा वाचतो म्हणूनच ना?

आणि हो, १ एप्रिल २०२१ पासून सक्तीच्या रिकॉलचा नियम आहे आपल्याकडे, सात वर्षांच्या आतल्या गाडीबद्दल सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते, ठरावीक प्रमाणात तक्रारी जमल्या की चौकशी. पण ते सुरक्षेच्या दोषांपुरतं. माझं म्हणणं, नवले पुलाच्या उतारावर मागे कंटेनर असताना गाडी आपोआप न्यूट्रलला गेली तर तो सुरक्षेचा दोष नाही तर काय आहे? तक्रारी करा रे, आपण फक्त कट्ट्यावर बोलतो.

टर्बोप्रेमी

उतारावर न्यूट्रलला गेली हे तुमच्या गाडीबरोबर झालं का ऐकीव?

सिंहगडरोडवाला

माझ्या. बायको शेजारी होती. हॅझर्ड लावून कडेला घेतली. बंद करून चालू केली तर दहा मिनिटांनी काही झालंच नाही अशी चालायला लागली, आणि सर्व्हिस सेंटरला नेली तर ‘फॉल्ट कोड दिसत नाही सर’.

टर्बोप्रेमी

ओके, हे वाईट आहे. ते नाही म्हणत नाही मी. पण तरी सगळ्या डीसीटीना एका काठीने हाणू नका एवढंच.

चाकण_टेस्टबेड

ज्यांना घ्यायचीच आहे त्यांनी एक करा. एक्स्टेंडेड वॉरंटी घेताना तिच्या बारीक अक्षरातला अपवादांचा भाग मागून घ्या, त्यात क्लच आणि मेकाट्रॉनिक कुठे बसतात ते बघा. आणि डीलरकडून ईमेलवर लिहून घ्या की क्लच पॅक कव्हर आहे. तोंडी आश्वासनाला उद्या ग्राहक आयोगात काडीची किंमत नाही. आणि सर्व्हिसला प्रत्येक वेळी थरथरीची तक्रार जॉब कार्डवर त्याच शब्दांत लिहायला लावा, ते ‘जनरल चेकअप’ लिहून मोकळे होतात.

मेहुणा_स्वतः

दाजी, मी वाचतोय सगळं. ताईने लिंक पाठवली.

मागितलं मी लिहून. सेल्समन म्हणाला, सर असं कुणी मागत नाही, तुम्ही बुकिंग करा मग मॅनेजरशी बोलून देतो. मी म्हटलं आधी ईमेल मग बुकिंग. आठवडा झाला, रोज सकाळी ‘गुड मॉर्निंग सर, स्टॉक संपत आलाय’ येतं, ईमेल काही येत नाही. शनिवारी १.० टॉर्क कन्व्हर्टर बघायला चाललोय, संध्याकाळी साडेसहाला, तुम्ही पण चला. १.५ चा हट्ट मी अजून सोडलेला नाही, ईमेल आला तर सांगतो.