मदत हवी आहे: सिंगापूर विषुववृत्तावर, तरी चंद्रपूर जास्त का तापतं? नववीच्या मुलांना कसं समजवू?

नमस्कार मंडळी, जरा लवकर मदत हवीये. मी चंद्रपूरची, गणित शिकवते, भूगोल माझा विषय नाही. पण सुट्टीत कॉलनीतली नववीची मुलं घरी येऊन बसतात आणि सध्या त्यांचं तापमानाचं वितरण चाललंय. विषुववृत्तावर किरण लंबरूप पडतात म्हणून तिथे तापमान जास्त, ध्रुवांकडे तिरपे पडतात, तेवढीच उष्णता जास्त जागेत पसरते म्हणून कमी, इथपर्यंत सगळ्यांना पटलं. मग एका मुलीने मोबाईलवर सिंगापूरचं तापमान काढलं तर ३२, आणि आपल्याकडे त्याच दुपारी ४५! "मॅडम, पुस्तकातलं खरं की हे खरं?" आता काय सांगू?

त्यात मुंबई १९ अंशावर आणि आम्ही २० वर, म्हणजे जवळपास एकाच रेषेत, तरी तिथे मेमध्ये ३४ च्या पुढे फारसं जात नाही. समुद्र जवळ आहे म्हणून, हे मला माहितीये, पण समुद्र नक्की करतो काय हे पाठ न करता समजावता यायला हवं.

अजून एक म्हणजे ॲटलासमधला जानेवारीचा समताप रेषांचा, म्हणजे सारख्या तापमानाची ठिकाणं जोडणाऱ्या रेषांचा नकाशा. रेषा आडव्या सरळ जायला हव्यात ना? त्या नॉर्वेजवळ एकदम वर चढतात आणि सैबेरियात खाली येतात. आणि महाबळेश्वर एवढं थंड, त्याचा नकाशात काही पत्ताच नाही. कृपया सोप्या भाषेत सांगा, मुलं हुशार आहेत, अर्धवट उत्तर चालत नाही त्यांना.

प्रतिसाद: जुना_भूगोलवाला

ताई, मुलीला आधी शाबासकी द्या. पुस्तकातलं खरं आहे, पण ते वर्षभराच्या सरासरीचं खरं आहे. सिंगापूरला दिवस बारा महिने १२ तासांच्या आसपासच, सूर्य मार्च आणि सप्टेंबरच्या सुमारास डोक्यावर. तुमच्याकडे २० मेच्या आसपास सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि दिवस १३ तासांचा, म्हणजे त्या दिवसांत चंद्रपूरला सिंगापूरपेक्षा जास्तच ऊन मिळतं. फक्त किरणांचा कोन धरून चालत नाही, ऊन किती वेळ पडलं तेही धरायला लागतं. जूनच्या शेवटाकडे तर उत्तर ध्रुवावर २४ तासांत विषुववृत्तापेक्षा जास्त ऊन येऊन पोचतं, पण बर्फ त्यातलं बरंचसं परत फेकतो, आणि उरलेलं बर्फ वितळण्यात जातं.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते हीच मुख्य. आलेल्या उन्हाचं जमीन काय करते? सिंगापूरला चारी बाजूंनी समुद्र, रोजचे ढग, रोजचा पाऊस, झाडी ओली. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण ५८० कॅलरी लागतात, ती उष्णता हवा तापवायला उरतच नाही. म्हणून तिथली आजवरची सगळ्यात जास्त नोंद फक्त ३७ ची. तुमच्याकडे मेमध्ये साग निष्पर्ण, काळ्या मातीला भेगा, आकाश कोरडं ठणठणीत, वाफ व्हायला पाणीच नाही, मग सगळी उष्णता माती आणि हवा तापवण्यात जाते. तुमचा कूलर तिथे मस्त गारवा देतो आणि मुंबईत तोच कूलर खोली नुसती दमट करतो, त्यामागेही हेच. कोरडी हवा पाणी पटकन ओढते, मुंबईच्या हवेत आधीच भरपूर बाष्प.

समुद्राचं म्हणाल तर एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापायला एक कॅलरी लागते, वाळूला जेमतेम त्याचा पाचवा भाग. शिवाय पाणी घुसळत राहतं आणि ऊन आतवर जातं, जमिनीचा फक्त वरचा थर तापतो. त्यामुळे दुपारी जमीन समुद्रापेक्षा गरम, हवा वर जाते, समुद्रावरून खारे वारे आत येतात. रात्री जमीन लवकर निवते, मग उलटे, जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे. हे चक्र किनाऱ्यापासून थोड्याच अंतरापर्यंत चालतं, चंद्रपूरला त्याचा काय उपयोग.

प्रतिसाद: खाडीपलीकडे

मी अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोजवळ बे एरियात राहतो, माझ्याकडून एक उदाहरण. सॅन फ्रान्सिस्कोत जुलैत लोक जॅकेट घालून फिरतात, दुपारचं तापमान २० च्या आसपास, आणि गाडीने दीड-दोन तास आत सॅक्रामेंटोला गेलं की ३४! किनाऱ्याला लागून कॅलिफोर्नियाचा थंड प्रवाह वाहतो, खालून गार पाणी वर येतं आणि त्यावर धुकं बसतं. मुंबईशेजारचा समुद्र उबदार आहे. म्हणजे मुलांना नुसतं "समुद्र जवळ" सांगू नका, कुठला समुद्र तेही सांगा.

नॉर्वेचं उत्तर यातच आहे, फक्त उलट. तिथे गल्फ स्ट्रीम या अटलांटिकमधल्या उबदार प्रवाहाचं पुढचं टोक ऊबदार पाणी घेऊन जातं आणि पश्चिमी वारे ती ऊब किनाऱ्यावर आणतात. ट्रोम्सो जवळपास ७० अंश उत्तरेला, जानेवारीची सरासरी उणे ३-४. सैबेरियातलं वेर्खोयान्स्क त्याच्या थोडं दक्षिणेला, तिथे सरासरी उणे ४५ च्या आसपास! आणि त्याच वेर्खोयान्स्कमध्ये २० जून २०२० ला ३८ ची नोंद झाली. समुद्रापासून लांब असलं की हिवाळा पण टोकाचा आणि उन्हाळा पण. ॲटलासमधल्या रेषा त्यामुळेच वाकतात.

प्रतिसाद: जुना_भूगोलवाला

महाबळेश्वरचं राहिलं. समताप रेषा काढताना उंचीचा परिणाम काढून टाकतात, म्हणजे ठिकाण समुद्रसपाटीला असतं तर तापमान किती असतं ते दाखवतात, नाहीतर सगळा नकाशा डोंगरांच्या रेषांनीच भरून जाईल. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश कमी, महाबळेश्वर १,३५० मीटरच्या आसपास, तुम्ही गणिताच्या, मुलांकडून करून घ्या. मग इक्वाडोरची राजधानी क्वीटो द्या, अगदी विषुववृत्ताला लागून पण २,८५० मीटरवर, वर्षभर सरासरी १४-१५.

धागाकर्ती

खूप खूप आभार दोघांचे! आता डोक्यात नीट बसलं. वाळू आणि पाणी गच्चीवर ठेवून मोजायला लावू का? घरचा ताप बघायचा थर्मामीटर चालेल का?

प्रतिसाद: जुना_भूगोलवाला

तो नको ताई, ४२-४३ च्या पुढे तो वाचतच नाही. प्रयोगशाळेतला लांब काचेचा घ्या, लाल अल्कोहोलचा. दोन सारखी भांडी, सारख्या वजनाची वाळू आणि पाणी, थर्मामीटरचं टोक दोन्हीत सारखंच आत, आणि संध्याकाळी सावलीत उतरतानाचं तापमानही लिहा, मुलं ते विसरतात.

आणि एक काठी उभी करा. २० मेच्या आसपास दुपारी १२ वाजून १० मिनिटांच्या सुमाराला तिची सावली पायाशी नाहीशी होईल. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यानंतर सूर्य परत तितकाच डोक्यावर येतो, तोपर्यंत रोजचं कमाल तापमान वहीत लिहायला लावा. तेव्हा पारा ३१-३२ ला आलेला असेल, माती ओली आणि वर ढग. का, ते तुम्ही सांगू नका, त्यांनाच सांगू द्या.

धागाकर्ती

हे फारच आवडलं. काठी उद्याच उभी करते, वाळू आणायला मुलं आत्ताच निघालीत.