मदत हवी आहे: एक्स-रेवरून इनॅमलची (दाताच्या बाहेरच्या कडक थराची) जाडी खात्रीने मोजता येते का?

नमस्कार मंडळी, आम्ही फोंड्याचे. मुलीचे दात सरळ करायला जागा हवी म्हणून डॉक्टर दाढांच्या मधलं इनॅमल थोडं घासणार आहेत. एकदा गेलेलं इनॅमल परत येत नाही, म्हणून जीव धास्तावलाय. एक्स-रेत ते डेंटिनपेक्षा (त्याच्या आतल्या थरापेक्षा) पांढरं दिसतं, कडेची जाडीही कळते. पण किरणांचा कोन जरा चुकला की प्रतिमा ताणली जाते, शेजारच्या दाढा एकमेकींवर चढलेल्या दिसतात. मग मिलिमीटरच्या दशांशाचा भरवसा कसा धरायचा? बाईटविंग (फिल्मची पट्टी दातांत चावून धरून घेतात तो एक्स-रे) काढताना शेजारी ठरावीक मापाची धातूची गोळी ठेवून कोणी मोजून घेतलंय का? बांबोळीच्या डेंटल कॉलेजात यासाठी कुठल्या विभागात जावं? ग्रुपवर दातांचे डॉक्टर असतील तर कृपया सांगा, पुढच्या आठवड्यात अपॉइंटमेंट आहे.