बोटीवरच्या टाकीतलं प्यायचं पाणी तिसऱ्या दिवशी वास मारतंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी सोलापूरचा. आमच्या गावात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं, त्यामुळे पाणी कसं साठवावं हे मला कुणी शिकवू नये अशी माझी आजवर घमेंड होती. पिंपं, घागरी, गच्चीवरची टाकी, सगळं भरून ठेवतो आणि घरात कधी पाणी नासलं नाही. बोटीवर मात्र हात टेकलेत.

आमच्या दाजींची फायबरची बोट आहे, करमाळा तालुक्यात, उजनीच्या फुगवट्यावर. हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो) आणि पट्टकदंब हे पक्षी बघायला लोक येतात, बहुतेक शनिवार-रविवारीच. लोक पाण्याच्या बाटल्या पितात आणि बाटल्या धरणात. वैतागून दाजींनी यंदा ठरवलं, बोटीवर बाटली नाही, नळाचं पाणी द्यायचं. मागच्या सीटखाली १०० लिटरची टाकी, बारा व्होल्टचा छोटा पंप, तिथून पाइप आणि पुढे नळ. ही सगळी जोडणी मीच केली, म्हणून शिव्याही मलाच.

पाणी आम्ही गावातल्या आरओच्या मशीनवरून आणतो, म्हणजे चांगलंच म्हणायचं. शनिवारी सकाळी भरलं की पहिला दिवस ठीक. रविवारी दुपारी जरा शिळं लागतं. उरलेलं तसंच राहिलं तर सोमवार-मंगळवारी हिवस वास. मागच्या आठवड्यात मधल्याच वारी एक कुटुंब आलं, त्यातल्या पोराने घोट घेतला आणि तिथंच थुंकला. "काका, मासे धुतलेलं पाणी आहे का हे?" दाजींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

आत्तापर्यंतचे उपाय: टाकी दोनदा घासून धुतली. तुरटी फिरवली. ताईने वाळ्याची पुरचुंडी टाकीत सोडली, तर वाळा आणि मासळी असा दोन्हींचा मिळून वास यायला लागला. एकदा पाणी उकळून, गार करून भरलं, तरी तेच.

११७ टीएमसीच्या धरणावर तरंगतोय आणि प्यायला घोटभर पाणी नीट नाही, अशी गत आहे. धरणातलंच पाणी गाळून-उकळून वापरावं का, असंही दाजी विचारतायत. जाणकारांनी सांगावं.

पिंपवाला:
मालक, टाकी नवीन आहे का जुना निळा बॅरल? आपल्याकडे रंगाच्या कारखान्यातले बॅरल धुऊन विकतात, त्यात प्यायचं पाणी अजिबात नको. कितीही धुवा, जात नाही.

धागाकर्ता:
नवीन आहे, काळी, झाकणाची. पाइप हार्डवेअरच्या दुकानातला पांढरट, आरपार दिसणारा. साधारण तीन मीटर, बोटीच्या कडेने नेलाय.

दर्यावर्दी:
मी व्यापारी जहाजावर असतो. तुमची चूक दोन ठिकाणी आहे, आणि पहिली ऐकून आश्चर्य वाटेल. आरओचं पाणी स्वच्छ असतं म्हणूनच ते साठवणीला कच्चं. त्यात क्लोरीन उरलेलं नसतं. नगरपालिकेच्या पाण्यात थोडं क्लोरीन राहतं, ते राखण करतं. तुमच्या सोलापूरच्या घरात पाणी पाच दिवस टिकतं त्यात त्याचाही वाटा आहे, नुसता घागरी घासण्याचा नाही!

जहाजावर आम्ही समुद्राचंच पाणी गोडं करतो. यंत्रात हवेचा दाब कमी करून पाणी शंभर अंशांच्या बरंच खाली उकळतात आणि वाफेचं पाणी करतात. तेही तुमच्यासारखंच, कोरं. म्हणून प्यायच्या टाकीकडे जाताना त्यात क्षार आणि क्लोरीन घालतात. बंदराजवळ, घाण पाण्यात तर हे यंत्र चालवतच नाहीत.

दुसरी चूक पाइप. आरपार पाइप, वर ऊन, आत आठवडाभर थांबलेलं पाणी. टाकी घासून काय उपयोग, पाइपात हात जात नाही ना. एक तुकडा कापून आत बोट फिरवून बघा.

उपाय असा. सुगंध न घातलेलं साधं ब्लीच, ४ टक्क्यांचं, १०० लिटरला १२५ मिली. टाकी काठोकाठ भरा, नळाला क्लोरीनचा वास येईपर्यंत पंप चालवा, मग नळ बंद करून किमान चार तास ठेवा. नंतर सगळं काढून दोन-तीनदा धुवा. ते पाणी धरणात सोडू नका, मासे मरतील, काठावर लांब जमिनीत ओता. आणि ब्लीचसोबत व्हिनेगर किंवा ॲसिड कधीही नको, विषारी वायू होतो.

जलसुरक्षक:
वरचं बरोबर. ते एकदाचं. रोजच्यासाठी टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, १००० लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे तुमच्या टाकीला अर्धा ग्रॅम. मगभर पाण्यात कालवून गाळ खाली बसू द्या, वरचं निवळलेलं तेवढंच टाकीत घाला, अर्धा तास थांबा. पोतं उघडं राहिलं, ओल लागली की टीसीएलमधला दम जातो, म्हणून ताजी घ्या. ग्रामपंचायतीत ओटी चाचणीची, म्हणजे पाण्यातलं क्लोरीन तपासायची बाटली असते, नळाचं पाणी घेऊन थेंब टाका. पिवळसर झालं तर क्लोरीन आहे, रंगच आला नाही तर नाही.

धरणाचं पाणी मात्र नको. पुणे-पिंपरीचं सांडपाणी नदीने तिथंच येतं. उन्हाळ्यात हिरवा रंग कालवल्यासारखं शेवाळ दिसतं ना? त्यातल्या निळ्या-हिरव्या शेवाळाचं विष उकळूनही जात नाही. शहराला देताना त्यावर शुद्धीकरण केंद्रात केवढी प्रक्रिया होते, ती बोटीवर होणार आहे का?

धागाकर्ता (दहा दिवसांनी):
पाइप कापला. आत बोट घातलं तर भेंडी चिरल्यावर हाताला लागते तशी तार, हिरवट-तपकिरी. तोच पाइप नळाला जोडून मी लोकांना पाणी पाजत होतो. नवीन पाइप काळा घेतला, पिण्याच्या पाण्यासाठी म्हणून मिळतो तो, आणि सीटखालून आखूड नेला. टाकीच्या हवेच्या भोकाला बारीक जाळी बसवली, त्यातून चिलटं जात होती. रविवारी संध्याकाळी उरलेलं पाणी काढून टाकी कोरडी ठेवतो. या शनिवारचं मुद्दाम मंगळवारपर्यंत ठेवलं होतं. वास नाही.

एकच शंका राहिली. आता पुण्याचे लोक क्लोरीनचा वास येतो म्हणतात. कार्बनचा फिल्टर बसवला तर चालेल? टाकीत भरतानाच गाळून घ्यावं म्हणतोय.

दर्यावर्दी:
टाकीच्या आधी मुळीच नको! कार्बन क्लोरीन खातो, म्हणजे टाकीतलं पाणी पुन्हा बिनराखणीचं. नळाच्या अगदी अलीकडे बसवा, आणि फिल्टरचं काडतूस (कार्ट्रिज) वेळेवर बदला. जुन्या कार्बनमध्येच जंतू घर करतात.

पिंपवाला:
आणि वाळा?

धागाकर्ता:
टाकीत बंद, तांब्यात चालू. दाजींनी तसं ठरवलंय. ताईला अजून सांगितलेलं नाही.