माणूस-डुक्कर जनुक नकाशे: या जुळणीवर किती विसंबायचं?

रानवारा:
डुकराचा जीनोम, म्हणजे त्याच्या संपूर्ण डीएनएचा क्रम, 2012 मध्येच प्रसिद्ध झाला. तरी माणसाच्या 46 आणि डुकराच्या 38 गुणसूत्रांतले कोणते तुकडे जुळतात, यावर अजून मेहनत कशाला? जनुकाचा पत्ता कळला म्हणून त्याचं काम कळत नाही. माझ्या मते हे नकाशे आता इतिहासजमा करावेत.

मेधा:
अजिबात पटलं नाही. काही डुकरांना ताण आला किंवा हॅलोथेन हे भुलीचं औषध हुंगवलं की अंग ताठरतं, ताप भडकतो, जनावर दगावतं. काही माणसांनाही भूल देताना हाच धोका असतो. डुकरात हा दोष जीपीआय नावाच्या जनुकाच्या शेजारी, सहाव्या गुणसूत्रावर होता. माणसात जीपीआय 19व्या गुणसूत्रावर आहे. त्याच भागात स्नायूंमधलं कॅल्शियम सोडणाऱ्या प्रथिनाचं जनुक, आरवायआर1, सापडलं. 1991 मध्ये डुकरातला नेमका बदल कळला: त्या प्रथिनात 615व्या जागी आर्जिनिन या अमिनो आम्लाऐवजी सिस्टीन. माणसांच्या काही कुटुंबांत 614व्या जागी तोच बदल! याहून ठोस पुरावा काय हवा?

रानवारा:
तेव्हा दुसरा मार्गच नव्हता. आता पूर्ण क्रम हाताशी आहे.

दवबिंदू:
मीही रानवारांच्या बाजूने, पण कारण वेगळं. वंशावळीत उंदीर आपल्याला डुकरापेक्षा जवळचा. तरी माणसाचं 13वं गुणसूत्र डुकराच्या 11व्याशी सलग जुळतं आणि उंदरात मात्र अनेक गुणसूत्रांवर विखुरलंय. म्हणजे मांडणी सारखी असली म्हणून नातं जवळचं ठरत नाही. आणि जीजीटीए1 हे जनुक पाहा. डुकरात ते चालू आहे, पेशींवर एक साखर बसवतं. आपल्यात ते निकामी झालंय, म्हणून आपलं शरीर त्या साखरेवर तुटून पडतं. जानेवारी 2022 मध्ये मेरीलँडला डुकराचं हृदय माणसात बसवलं, तेव्हा त्या डुकरात 10 जनुकीय बदल करावे लागले होते. अवयव देताना नकाशाच्या भरवशावर राहणं रुग्णाच्या जिवाशी खेळणं आहे.

मेधा:
पण दवबिंदू, ते जनुक आपल्यात बंद पडलंय हे तुलना केल्यावरच कळतं ना? आणि रानवारा, नुसत्या क्रमाने भागत नाही. डुकराच्या दुसऱ्या गुणसूत्राच्या टोकाशी स्नायूंची वाढ ठरवणारा एक भाग होता. माणसाच्या 11व्या गुणसूत्राशी तो जुळत असल्याने आयजीएफ2 या वाढीच्या जनुकावर लक्ष गेलं. 2003 मध्ये कारण सापडलं: डीएनएतल्या एकाच अक्षराचा बदल, तोही प्रथिन न घडवणाऱ्या भागात. तो भाग इतर सस्तन प्राण्यांतही टिकून आहे, हे शेजारी ठेवून पाहिलं नसतं तर त्याचं महत्त्व कशावरून ओळखलं असतं?