मदत हवी आहे: ट्रान्सफर पोर्टलच्या काळात अकरावीतल्या मुलीने काय करावं?

नमस्कार मंडळी, आम्ही न्यू जर्सीला असतो, लेक अकरावीत आहे, बास्केटबॉलमध्ये पॉइंट गार्ड खेळते आणि तिला कॉलेजमध्येही खेळायचंच आहे. गेल्या वर्षीपर्यंत वाटत होतं की चांगलं खेळलं, मार्क चांगले ठेवले की कोच बोलावतील, पण आता सगळं ट्रान्सफर पोर्टलवरच चाललंय, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडू जिथे नाव नोंदवतात त्या ऑनलाइन यादीवर. २०२४ पासून अभ्यासाच्या अटी पूर्ण असतील तर कितीही वेळा कॉलेज बदला, एक सीझन बाहेर बसावं लागत नाही. खेळाडूंचंच बघा, एंजल रीस मेरीलँड कॉलेजहून एलएसयूला (लुइझियाना स्टेट) गेली आणि २०२३ ला कॉलेजचं राष्ट्रीय टायटल जिंकली, हेली व्हॅन लिथ आधी लुईव्हिल, मग एलएसयू, मग टीसीयू (टेक्सास ख्रिश्चन) अशी तीन कॉलेजांत खेळली. मुलींना हा हक्क मिळाला ते योग्यच झालं, आधी कोच कधीही सोडून जायचे आणि मुली अडकायच्या. पण कोचला तयार २१ वर्षांची खेळाडू मिळत असेल तर १७ वर्षांच्या पोरीसाठी तो जागा का ठेवेल? शिवाय कॉलेज खेळाडूंच्या पैशांच्या खटल्यात २०२५ ला जी कोर्टाची सेटलमेंट झाली, तिच्यात सामील कॉलेजांना टीममध्ये १५ च मुली ठेवता येतात, म्हणजे वॉक-ऑनची, स्कॉलरशिपशिवाय टीममध्ये शिरायची, वाटही अरुंदच.

ज्यांच्या मुली यातून गेल्यात त्या ताई-दादांना विचारायचंय, कोचना ईमेल आत्ताच पाठवायचे का सीझन संपून पोर्टल शांत झाल्यावर? आणि आधी डिव्हिजन २ किंवा ३ ला (डिव्हिजन १ च्या खालच्या स्तरांवर) जाऊन भरपूर मिनिटं खेळून मग वर ट्रान्सफर, हे खरंच जमतं का? डिव्हिजन ३ ला खेळाची स्कॉलरशिप नसते त्यामुळे फीचाही विचार आहे. प्लीज सविस्तर सांगा, ती रोज विचारतेय.